सही न करता जामीनदार: कर्जाची ॲप, संपर्कयादी आणि तिसऱ्या माणसाचे हक्क

काठावरची

मी नाशिकच्या सिडकोतील एका शाळेत शिकवते. वर्गातील जवळजवळ प्रत्येक पालकाच्या फोनमध्ये माझा नंबर साठवलेला असतो आणि त्यात वावगे काहीच नाही. आमच्या एका पालकाने, जे अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामावर आहेत, फोनवरील एका ॲपमधून कर्ज घेतले होते. दोन महिने काम बंद राहिले, हप्ता थकला आणि मला अनोळखी नंबरांवरून फोन येऊ लागले. सुरुवातीला 'आपण यांच्या ओळखीच्या आहात ना, जरा निरोप द्या' अशी सौजन्याची भाषा होती, ती पुढे राहिली नाही. शेवटी व्हॉट्सॲपवर एक चित्र आले. त्यात त्या पालकांचे आधार कार्डावरचे छायाचित्र, त्यावर लाल अक्षरांत 'फ्रॉड' आणि खाली जामीनदार म्हणून माझा नंबर होता. नाव मात्र माझे नव्हते. 'टीचर मॅडम ४थी ब' असे लिहिले होते, म्हणजे त्यांच्या फोनमध्ये मी ज्या नावाने साठवलेली आहे, अगदी तेच.

कर्ज, व्याज आणि थकबाकी यांबद्दल पुष्कळ बोलले जाते, म्हणून हा धागा मी एका वेगळ्या प्रश्नापुरता काढत आहे. ॲप सुरू करताना त्या पालकांनी 'अलाउ' दाबून फोनमधील संपर्कयादी वाचण्याची परवानगी दिली असेल, असे गृहीत धरू. पण माझा नंबर परक्या कंपनीच्या हाती देण्यास माझ्या वतीने संमती देण्याचा अधिकार त्यांना होता का? आणि नसेल, तर या व्यवहारात माझे, म्हणजे कर्ज न घेतलेल्या माणसाचे, हक्क कोणते?

पतसंस्थेतला

ताई, आपल्याला झालेला त्रास निश्चितच निंद्य आहे. तथापि यात नवे काय, असाही प्रश्न मला पडतो. आमच्याकडे दोन जामीनदार घेतल्याशिवाय कर्ज मंजूर होत नाही, आणि हप्ता थकला की आम्ही आधी जामीनदाराच्याच दारात जातो. त्याने चार शब्द सुनावले की कर्जदार हलतो, हा आमचा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. ओळखीच्या माणसांची भीड हेच लहान कर्जाचे तारण असते. मालमत्ता नसलेल्या माणसाला एरवी कोण उभे करणार? ॲपवाल्यांनी तीच पद्धत फोनवर आणली आहे. त्यांची भाषा असभ्य आहे, हे मान्य. मात्र ऐपत न पाहता कर्ज उचलणाऱ्यांना कोणी चार शब्द ऐकवतच नाही, हेही या चर्चेत यायला हवे.

सीबीएस_वकील

पतसंस्थेतले काका ज्याला 'तीच पद्धत' म्हणत आहेत, ती कायद्याच्या दृष्टीने मुळीच तीच नाही, आणि या धाग्याचे उत्तर नेमके त्या फरकात आहे.

भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये जामीनदारावर मोठी जबाबदारी टाकलेली आहे. कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे काही ठरले नसेल तर ती कर्जदाराच्या जबाबदारीइतकीच असते. परंतु त्याच कायद्याने जामीनदाराला संरक्षणही दिले आहे. त्याच्या संमतीशिवाय सावकाराने आणि कर्जदाराने कराराच्या अटी बदलल्या, तर बदलानंतरच्या व्यवहारांपुरता तो कलम १३३ नुसार मोकळा होतो. त्याने कर्ज फेडले, तर कलम १४० नुसार सावकाराचे सारे हक्क त्याच्याकडे येतात आणि कलम १४५ नुसार तो ती रक्कम कर्जदाराकडून वसूल करू शकतो. याशिवाय तो सही करण्यापूर्वी रक्कम विचारतो, मुदत विचारतो आणि पटले नाही तर सरळ नकार देतो. संपर्कयादीतून उचललेल्या माणसाला यांतले काहीही मिळत नाही. जामीनदाराची बदनामी तेवढी त्याच्या वाट्याला येते, हक्क एकही येत नाही, आणि नकार देण्याची संधी तर कधीच नव्हती.

दुसरा मुद्दा खासगीपणाचा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले आणि स्वतःविषयीच्या माहितीवरचे नियंत्रण हा त्याचाच भाग मानला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची व्याख्या पाहा: माहिती ज्या व्यक्तीविषयी आहे, ती व्यक्ती त्या माहितीची धनी. ती कोणाच्या फोनमध्ये साठवली आहे, याला महत्त्व नाही. पालकांनी घरगुती उपयोगासाठी आपला नंबर ठेवला तर कायदा आड येत नाही, कारण वैयक्तिक व घरगुती वापर त्यातून वगळला आहे. मात्र तोच नंबर कंपनीच्या सर्व्हरवर गेला की तो घरगुती वापर राहत नाही, आणि तेथे पालकांची संमती ही आपली संमती ठरू शकत नाही.

काठावरची

वकीलसाहेब, आपल्या विवेचनाने बरेच स्पष्ट झाले. पण बँकिंग नियमांत माझ्यासारख्यांचा काही विचार आहे का, की आम्ही कोणाच्या खिजगणतीतच नाही?

गंगापूररोड_निवृत्त

मी बँकेतून निवृत्त झालो आहे, म्हणून या भागाचे उत्तर मी देतो. विचार आहे, आणि तो वाटतो त्यापेक्षा स्पष्ट शब्दांत आहे. रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात वसुलीच्या वेळी कर्जदाराला धमकावणे, चारचौघांत अपमानित करणे, त्याचे कुटुंबीय, मित्र आणि संदर्भासाठी नावे दिलेल्या व्यक्ती यांच्या खासगीपणात घुसणे, असभ्य संदेश पाठवणे, तसेच सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करणे, या सर्वांना मनाई केली आहे. म्हणजे कर्ज न घेतलेला माणूस त्या परिपत्रकात आहे. त्यानंतर २ सप्टेंबर २०२२ रोजी डिजिटल कर्जासंबंधी मार्गदर्शक सूचना आल्या, ज्या पुढे ८ मे २०२५ च्या निर्देशांत एकत्रित झाल्या. त्यांनुसार कर्जाच्या ॲपने फोनमधील संपर्कयादी, कॉलची नोंद, फायली आणि छायाचित्रे यांना हातच लावायचा नाही. कॅमेरा, मायक्रोफोन आणि ठिकाण यांचा वापर ग्राहकाची ओळख पटवण्यापुरता, एकदाच आणि स्पष्ट संमतीने करता येतो. येथे लक्षात घ्यावे की संपर्कयादीच्या बाबतीत 'संमती घेऊन वाचा' अशी पळवाट ठेवलेली नाही.

हे नियम उगाच आले नाहीत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ मध्ये कार्यगट नेमला होता. त्याला भारतीय ग्राहकांसाठी उपलब्ध असलेली सुमारे ११०० कर्ज-ॲप आढळली आणि त्यांपैकी ६०० बेकायदेशीर निघाली. टाळेबंदीच्या काळात ज्यांची रोजी थांबली, तेच या ॲपचे गिऱ्हाईक होते.

आता जबाबदार वित्तव्यवहाराचा प्रश्न. ॲप हा बहुधा केवळ दर्शनी दरवाजा असतो. पैसा बँकेतून बिगर-बँक वित्त कंपनीकडे जातो, तिच्या वतीने ॲप ग्राहक आणते आणि वसुली तिसऱ्याच एजन्सीकडे असते. काही बिनसले की प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. नियमांची भूमिका मात्र स्वच्छ आहे: काम बाहेर दिले म्हणून जबाबदारी बाहेर जात नाही, एजंटाने केलेले कृत्य कर्ज देणाऱ्या संस्थेचेच. व्यवसाय आणि मानवी हक्क यांविषयीची जी मार्गदर्शक तत्त्वे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने जून २०११ मध्ये स्वीकारली, त्यांतील तेरावे तत्त्व हेच सांगते की कंपनीने स्वतः केलेल्या हानीबरोबर, तिच्या व्यावसायिक संबंधांतून तिच्या सेवेशी थेट जोडल्या जाणाऱ्या हानीलाही आळा घालण्याचा प्रयत्न करायला हवा. भारतात बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून सामाजिक व पर्यावरणीय जबाबदारीचा वार्षिक अहवाल द्यावा लागतो आणि त्यातले पाचवे तत्त्व मानवी हक्कांचे आहे. मी सवयीने असे अहवाल वाचतो. कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची टक्केवारी तेथे हमखास सापडते. वसुलीच्या फोनांमुळे तिसऱ्या माणसाला झालेल्या त्रासासाठी वेगळा रकाना मला आढळलेला नाही.

निफाडकर

आमच्याकडे द्राक्षाचा पैसा वर्षातून एकदाच, फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास येतो. उरलेले महिने औषधे, मजुरी आणि डिपिंगचा (द्राक्षघड संजीवकात बुडवण्याचा) खर्च उधारीवर चालतो. खात्यात महिनोन्महिने हालचाल दिसली नाही की संगणक नकार देतो आणि कारण सांगत नाही. खरे तर बँकांनी कर्जअर्ज नाकारल्याची मुख्य कारणे लेखी कळवावीत, असे रिझर्व्ह बँकेच्या न्याय्य व्यवहार संहितेत आहे. ते कारण मागणारा शेतकरी विरळा, कारण नकार आला की तो पुढची वाट शोधायला निघालेला असतो आणि ती वाट पुष्कळदा लिंकवरून उतरवलेल्या एखाद्या ॲपकडे जाते. मग गावातले कृषी सेवा केंद्र, मजुरांचा मुकादम, सोयरे, सगळ्यांना फोन जातात. दुकानदाराला फोन गेला की त्या माणसाची पुढच्या हंगामाची उधारी बंद होते. हे नुकसान कोणत्याही हप्त्याच्या हिशेबात धरले जात नाही.

महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवाना नसताना सावकारी करणे हा त्यात गुन्हा आहे, आणि व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नाही, हे दामदुपटीचे तत्त्वही त्यात आहे. सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे या ॲपविरुद्ध तक्रार करता येणार नाही का?

सीबीएस_वकील

निफाडकर, ॲपच्या मागे कोण आहे त्यावर ते अवलंबून आहे. मागे रिझर्व्ह बँकेकडे नोंदणीकृत वित्त कंपनी असेल, तर राज्याचे सावकारी कायदे तिला लागू होत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने नेडुंपिल्ली फायनान्स खटल्यात मे २०२२ मध्ये ठरवले आहे. मागे कोणीच नोंदणीकृत नसेल, तर ती विनापरवाना सावकारी ठरते आणि सहायक निबंधक व पोलीस अशी दोन्ही दारे उघडी राहतात. अर्थात गावच्या सावकाराच्या घरावर छापा घालता येतो; परराज्यातून किंवा परदेशातून चालणाऱ्या ॲपचे घर शोधण्यातच तपास थकतो. विनापरवाना कर्जव्यवहाराला बंदी घालणाऱ्या केंद्रीय कायद्याचा मसुदा डिसेंबर २०२४ मध्ये हरकतींसाठी प्रसिद्ध झाला होता, तो याच अडचणीपोटी.

म्हणून पहिले काम म्हणजे कर्ज देणारी संस्था कोणती, ते शोधणे. कर्जदाराकडे कर्जाचे मुख्य तथ्य विवरण, म्हणजे व्याज, शुल्क आणि अटी एकत्र सांगणारा कागद, असायला हवे, त्यावर तिचे नाव असते. रिझर्व्ह बँकेने आपल्या संकेतस्थळावर डिजिटल कर्ज-ॲपची यादीही दिली आहे. मात्र ती कर्जसंस्थांनी स्वतः भरलेल्या माहितीवर बेतलेली आहे. त्यामुळे यादीत नाव असणे हे सद्वर्तनाचे प्रमाणपत्र समजू नये.

पतसंस्थेतला

मुख्य तथ्य विवरणाचा उल्लेख झाला म्हणून एक हिशेब मांडतो, कारण हप्ता थकतो तो पुष्कळदा याच हिशेबापायी. ३०,००० रुपयांचे कर्ज, बारा महिने, 'फक्त १८ टक्के' अशी जाहिरात. हे १८ टक्के सरळ पद्धतीचे असतील, तर वर्षाचे व्याज ५,४०० आणि हप्ता २,९५० रुपये. मुद्दल दर महिन्याला कमी होत जाते, व्याज मात्र पूर्ण रकमेवरच लागते, म्हणून घटत्या शिलकीवर खरा दर सुमारे ३१.७ टक्के पडतो. आता २ टक्के प्रक्रिया शुल्क ६००, त्यावर जीएसटी १०८ आणि विम्याचे समजा ४५० आधीच कापले, तर हातात २८,८४२ रुपयेच पडतात. तोच हप्ता या रकमेवर धरला की वार्षिक दर ३९.६ टक्क्यांच्या घरात जातो. हा सर्वसमावेशक दर विवरणात छापणे १ ऑक्टोबर २०२४ पासून सर्व किरकोळ कर्जांना बंधनकारक आहे. आमचे जुने सभासदही कर्ज घेताना फक्त 'हप्ता किती' एवढेच विचारतात. फोनवर तर बोट खाली सरकवण्यातच सगळे पान संपते.

डिजिटल कर्जात मन बदलल्यास दंड न भरता मुद्दल आणि तेवढ्या काळाचे व्याज देऊन बाहेर पडण्याची मुभा असते आणि ती किमान एक दिवसाची असावी लागते. वाजवी प्रक्रिया शुल्क तेवढे कापून घेता येते. तरीही माझे म्हणणे कायम आहे: भीड हे तारण वाईट नाही. जामीनदाराला आधी विचारलेले असावे, एवढेच.

बचतगट_पेठरोड

काका, विचारून घेतलेली भीडही किती ताणायची, याला मर्यादा हवी. आमच्या वस्तीत सूक्ष्म वित्त कंपन्यांची गटकर्जे आहेत. एका बाईचा हप्ता कमी पडला की तो भरेपर्यंत सगळ्या जणींना बसवून ठेवण्याचे प्रकार आम्ही पाहिले आहेत, आणि त्या सगळ्या जणींनी सह्या केलेल्या होत्या. वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांना दिलेल्या अशा कर्जांबाबत रिझर्व्ह बँकेचे मार्च २०२२ चे निर्देश सांगतात की सर्व कर्जांचे मिळून हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त असू नयेत, वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर जाऊ नये, कर्जदाराचे नातलग, मित्र वा सहकारी यांना त्रास देऊ नये आणि कर्जदारांची नावे जाहीर करू नयेत.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी ताईंनी संकोचाने लिहिली नसावी. फोनमधली छायाचित्रे उचलून, त्यांत फेरफार करून ती नातेवाइकांना पाठवण्याच्या धमक्या येतात. तेथे कर्जाची रक्कम गौण ठरते. ज्या घरात बाईच्या हातात फोन असण्यावरच आधी कुरकुर होती, तेथे अशा एका संदेशानंतर फोन काढून घेतला जातो आणि फोनबरोबर तिचे बचत खातेही नवऱ्याच्या हाती जाते.

फिल्डवाला

मी वसुलीचे काम करतो, अर्थात नोंदणीकृत कंपन्यांचे. नाव सांगत नाही, पण काम कसे चालते ते सांगतो. थकबाकीच्या दिवसांप्रमाणे 'बकेट' पडतात: तीस दिवसांपर्यंतची पहिली, साठपर्यंतची दुसरी, याप्रमाणे. पहिल्या बकेटमधून खाते पुढे सरकू दिले नाही, तर इन्सेन्टिव्ह मिळतो; मूळ पगार त्यामानाने तुटपुंजा असतो. कर्जदाराचा फोन बंद लागला की कार्यालयातून 'पर्यायी नंबर' येतात. ते कोठून आले, हे कागदावर नसते आणि विचारणाऱ्याला पुढच्या महिन्यात चांगले भाग मिळत नाहीत. नियमाने आमच्याकडे वसुली एजंटचे डीआरए प्रमाणपत्र हवे, परंतु फोन करणाऱ्या मुलांपैकी कित्येक जणांकडे ते नसते आणि ती स्वतःच्या सिमवरून फोन करतात, म्हणजे उद्या गुन्हा दाखल झाला तर नाव त्यांचेच. यामुळे कोणाच्या वागण्याचे समर्थन होत नाही. परंतु शिव्या देणाऱ्या मुलाला पकडून विषय संपला असे समजणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखे आहे. पर्यायी नंबरांची यादी ज्याने तयार केली, त्याच्यापर्यंत जायला हवे.

इंदिरानगर_आयटी

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगते. गूगलच्या प्ले स्टोअरने ३१ मे २०२३ पासून वैयक्तिक कर्जाच्या ॲपना संपर्क आणि छायाचित्रे वाचण्यास मनाई केली आहे. त्यामुळे त्रासदायक ॲप आता पुष्कळदा व्हॉट्सॲपवर एपीके फाइलच्या (प्ले स्टोअरबाहेरून थेट बसवता येणाऱ्या ॲपच्या) रूपाने येतात. फोनच्या सेटिंगमध्ये ॲपची परवानगी काढून घेता येते आणि ती काढावीच, पण यादी एकदा सर्व्हरवर गेली असेल तर परवानगी काढल्याने ती परत येत नाही. फोनमध्ये नाव साठवताना 'टीचर मॅडम' ऐवजी दुसरे काही लिहावे, असा सल्ला मला द्यावासा वाटत नाही. दक्षतेचा बोजा अशा माणसांवर का टाकायचा, ज्यांनी ॲप पाहिलेदेखील नाही?

माहिती संरक्षण कायद्याविषयी मात्र फार आशा ठेवू नये. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे, परंतु तो भारताच्या संचित निधीत जमा होतो. ज्याची माहिती चोरली, त्याला त्यातून भरपाई मिळत नाही.

काठावरची

सर्वांच्या प्रतिसादांवरून मी पुढील क्रम ठरवला आहे. त्या पालकांनी विवरणाची प्रत दिली आहे, त्यावर नोंदणीकृत वित्त कंपनीचे नाव आहे. तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मी ईमेल आणि नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवणार आहे. त्यात माझा नंबर कोठून मिळाला, तो कोणत्या एजन्सीला दिला आणि तो कधी पुसणार, या प्रश्नांची उत्तरे मागणार आहे. फेरफार केलेल्या चित्राची तक्रार सायबर गुन्ह्यांच्या १९३० या क्रमांकावर आणि संकेतस्थळावर केली आहे. तीस दिवसांत कंपनीचे उत्तर आले नाही, तर मी स्वतः रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाऊ शकते का?

गंगापूररोड_निवृत्त

लोकपालांच्या एकात्मिक योजनेची भाषा ग्राहकाभोवती फिरते, त्यामुळे आपण ग्राहक नाही असे सांगून तक्रार परत येण्याचा धोका आहे. म्हणून तक्रार त्या पालकांच्या नावाने करावी आणि आपले निवेदन तिला जोडावे. शुल्क नाही, वकील लागत नाही आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. त्याच वेळी आपण स्वतंत्रपणे रिझर्व्ह बँकेला परिपत्रकाच्या भंगाबद्दल लिहावे. तिसऱ्या माणसाला नियमात संरक्षण आहे, पण त्याच्या नावाचे तक्रारीचे दार नाही. ही उणीव रिझर्व्ह बँकेच्या नजरेस अशा पत्रांतूनच येईल.

सीबीएस_वकील

पत्राच्या मसुद्यात एक बदल सुचवतो. 'मी जामीनदार नाही' असा खुलासा देत बसू नका. 'माझी सही असलेले जामीनपत्र सात दिवसांत दाखवावे, अन्यथा आपल्या एजंटाने मला जामीनदार म्हणणे ही बदनामी समजून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली कारवाई करीन' असे लिहा. आलेले संदेश पुसू नका. नंबर, तारीख आणि वेळ दिसेल अशा प्रती काढून ठेवा आणि मूळ फोन बदलणार असाल तर तो विकू नका. त्या पालकांनी थकलेल्या रकमेसाठी हप्त्यांची मुदत वाढवून मिळावी असा वेगळा अर्ज आजच द्यावा. दोन्ही पत्रे एकाच लिफाफ्यात घालू नका, म्हणजे कंपनीला एकाचे उत्तर देऊन दुसरे टाळता येणार नाही.